सूर्य बुडायच्या आत

दिवस बुडाल्यावर आई अन्नाला शिवत नसे. हिंगणीत याची कधी अडचण झाली नाही. मळ्यातून भाजी तोडून आली की उजेडातच ती भाकर खाऊन मोकळी व्हायची. पुढं ऐंशीच्या सुमारास मोठा भाऊ डॉक्टरकीसाठी स्कॉटलंडला गेला आणि वहिनीच्या बाळंतपणाला त्यानं आईला बोलावून घेतलं. ती पोचली ऐन डिसेंबरात.

पहिल्या दिवशी दुपारचं झोपून उठली, पोळ्या लाटायला बसली, तोच खिडकीबाहेर अंधार. बिचारी उपाशीच राहिली. दुसऱ्या दिवसापासून ती तीनलाच जेवू लागली. पण आठला भाऊ घरी येऊन तिच्याच हातचं गरम पिठलं ओरपायचा, तेव्हा तिचा जीव कासावीस होई.

शेवटी ती म्हणाली, "इथल्या सूर्याचं मले सांगू नको. मी आपल्या हिंगणीचाच दिवस धरीन."

भाऊ पोट धरून हसला. "आई, हिंगणीत दिवस बुडते तवा इथं दुपारचे बाराच वाजते! मंग तीनचं जेवणबी गेलं तुह्यं."

वहिनी मात्र हसली नाही. तिनं आठला आईपुढं गरम दुधाचा पेला ठेवला. "दूध काई अन्न नाई, आई." दोन दिवस विचार करून आईला ते पटलं.

मग उन्हाळा आला. रात्री दहापर्यंत लख्ख उजेड. आई सहाला जेवायची आणि सूर्य अजून दिसतो म्हणून नऊला पुन्हा बसायची. परत आली ती चांगली गुटगुटीत होऊन.

बाबांचा विश्वास बसेना. "दहा वाजेपर्यंत? काऊन, तिथल्या सूर्याले घर नाई काय?"

मी तेव्हा वर्ध्याला कॉलेजात होते, सुट्टीत घरी आले होते. टोपलीतलं एक वांगं उचललं, कंदिलासमोर तिरपं धरून फिरवलं. देठाकडचा भाग उजेडातून फारसा हटेचना. "हे दादाचं घर. आपण इथं, फुगीर भागाजवळ. म्हणून आपला दिवस थोडाच लहानमोठा होतो." मग देठ कंदिलापासून पलीकडं झुकवला, तर दादाचं घर बहुतेक अंधारातच.

बाबांनी वांगं हातात घेऊन निरखलं.

"असन बाप्पा. पण तिथले मजूर कामावरून सुटते कवा?"

"घड्याळ पाहून," आई म्हणाली.

हे मात्र बाबांना अजिबात पटलं नाही.