चिंचोक्यांचे नवग्रह

हसायचं असेल तर आत्ताच पोटभर हसून घ्या, म्हणजे मला मध्ये थांबावं लागणार नाही. काय सांगू तुम्हाला! लोकांची फजिती एखाद्या दुपारी होते. माझी बारा वर्षं रोज होत होती, आणि मला पत्ता नव्हता!

रत्नागिरीत 'गो' हा जपानी खेळ मी आणला. म्हणजे आणला शिवा नाखव्याने. आगबोटीवर खलाशी होता, पार जपान पाहून आलेला. पण त्याच्याकडून पहिला शिकलो मी, तेव्हा श्रेय माझंच, नाही का?

खेळ सोपा. पटावर उभ्या-आडव्या एकोणीस-एकोणीस रेघा. एकाचे खडे काळे, दुसऱ्याचे पांढरे. रेघा जिथे छेदतात तिथे एकेक खडा ठेवायचा, समोरच्याला वेढून मारायचं आणि जास्त घरं बळकावायची. मी फणसाच्या फळीवर पट आखला. काळ्यांना चिंचोके घेतले, पांढऱ्यांना भाट्याच्या किनाऱ्यावरच्या शिंपल्या.

शिवा म्हणाला, "मास्तरानू, पयले नऊ काळे मांडायचे. आसे, तीन रांगांत तीन-तीन. मंग पांढऱ्यान् चाल करायची. बोटीवरला जपानी मिस्त्री माज्यासंगती रोज आसाच खेळायचा."

तीन रांगांत तीन! आता तुम्हीच सांगा, शांतीच्या वेळी भटजी चौरंगावर नऊ सुपाऱ्या कशा मांडतात?

मी मांडीवर थाप मारली. "अरे शिवा, हे तर नवग्रह!"

"आसतील बा," शिवा म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी बोटीवर निघून गेला. शंका विचारायला माणूस उरला नाही. मला शंका नव्हतीच म्हणा.

तेव्हापासून मी शास्त्रोक्त खेळू लागलो. नवग्रह मांडायचे यजमानाने, म्हणून काळे कायम माझे. पांढरे समोरच्याला. वर पहिली चालही त्यालाच! अतिथी म्हणून. केवढा हा माझा उदारपणा! आणि तरी मी जिंकायचो. वकील हरले, पोस्टमास्तर हरले, शाळेतले झाडून सगळे मास्तर हरले. आमच्या हिला, इंदूला, मीच शिकवलं. तीही रोज दुपारी हरायची, पण जेमतेम चार-पाच घरांनी.

मी समजूत घालायचो, "वाईट वाटून घेऊ नकोस. बुद्धीचा खेळ आहे हा."

एकदा ती म्हणाली, "अहो, एक डाव काळे मी घेऊ का?"

"काहीतरीच काय! नवग्रह कुठे बायको मांडते?"

माझी कीर्ती इतकी वाढली की वाचनालयात दर रविवारी मी गोचा वर्ग घ्यावा असं ठरलं. 'गो-विशारद' अशी पाटीसुद्धा मी रंगवून घेतली. इतक्यात बागवाले अण्णा सांगत आले, "मास्तर, मुंबईहून एक जपानी व्यापारी माझे आंबे बघायला येतोय. गो खेळतो म्हणे. होऊन जाऊ दे एक डाव! जिंकलात की तिथेच वर्गाचा नारळ फोडू."

"दोन नारळ आणा," मी म्हटलं.

अण्णांच्या ओटीवर ही गर्दी! माजघराच्या दारात बायका, त्यांत इंदू. मी ऐटीत नऊ चिंचोके मांडले, वर अक्षता टाकल्या. पाहुणा चटकन उठला आणि मला कमरेत वाकून नमस्कार करत इंग्रजीत म्हणाला, "आपण फार विनयशील आहात."

"काय म्हणतोय?" अण्णांनी विचारलं.

"घाबरलाय," मी म्हणालो. टाळ्या पडल्या.

पुढचं विचारू नका. तासाभरात माझे चिंचोके ढिगाने पटाबाहेर गेले. एका कोपऱ्यात मला दोन घरं उरली होती, तीही त्याने चहा पिता पिता घेतली.

पाहुण्याने प्रेमाने विचारलं, "शिकायला लागून किती महिने झाले?"

"बारा वर्षं," मी म्हणालो. तो ठसकला.

मग त्याने उलगडून सांगितलं. ते नऊ खडे म्हणजे कच्च्या खेळाडूला दिलेली सवलत! मूल शर्यतीत असलं की बाप त्याला पुढे उभं करतो ना, तसं. नऊ म्हणजे अगदी नवशिक्याला. शिवाला तो मिस्त्री रोज देत होता, आणि मी ती साऱ्या गावाकडून बारा वर्षं अक्षता टाकून घेत होतो!

मी धीर करून म्हटलं, "पण पांढरे घेऊन माझ्याशी चार-पाच घरांनीच हरणारं कोणी असेल तर?"

पाहुण्याचे डोळे चमकले. "कुठे आहेत ते गृहस्थ? ते तुमचे गुरू शोभतील!"

हे इंग्रजी भाषांतर करून सांगायची मला मुळीच गरज वाटली नाही. पण मेला तो पोस्टमास्तर! त्याने मोठ्याने सांगितलं. सगळी ओटी माजघराकडे वळली. इंदूने पदर तोंडाला लावला. नारळ अण्णांनी गुपचूप आत पाठवले. रात्री त्यांची सोलकढी झाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही रिकाम्या पटावर डाव मांडला. काळे इंदूचे. किती घरांनी हरलो ते सांगत नाही, मोजता मोजता तिलाच माझी दया आली. नऊ चिंचोके तिने माझ्यापुढे सरकवले.

"मांडा हो नवग्रह. यजमानांनीच मांडायचे असतात ना?"

मांडले. करतो काय? 'गो-विशारद' पाटीच्या मागच्या बाजूला तिने नवा पट आखलाय, त्यावरच खेळतो आम्ही.

पण बायको दिवसेंदिवस सुधारतेय हो! नवग्रह पुरत नाहीत. गेल्या महिन्यापासून मला अकरा चिंचोके लागतात. केतूनंतर कुठले ग्रह येतात, तुमच्यापैकी कुणाला ठाऊक आहे का?