सोर्स कोडमधली टीप

मंगळवार पेठेतल्या छापखान्याचा सर्व्हर सोमशेखरनं उभा केला होता. तो आजारानं गेल्यावर त्याची बायको रुद्राणी सर्व्हर सांभाळू लागली. यंदा जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमला दुरुस्त्या मिळायच्या थांबल्या, तशी तिनं नवा सोर्स कोड, म्हणजे सिस्टीम ज्यातून तयार होते तो मजकूर, उतरवून त्यात सोमशेखरचे बदल बसवायला घेतले. त्या बदलांच्या एका फाइलीत त्याची टीप सापडली: "रुद्राणी, तू हितवर आलीस म्हंजे मी न्हाय. ही खालची ओळ काढ. भिऊ नगंस."

टिपेवरची तारीख आजार कळायच्या वर्षभर आधीची होती. तिनं तारीख पुन्हा वाचली.

"तुला कसं ठावं हुतं रं?" ती मोठ्यानं म्हणाली.

तिनं टिपेखालची ओळ काढली; ती फक्त जुन्या सिस्टीमपुरती होती. नवी सिस्टीम तयार व्हायला अख्खी दुपार लागली. मागच्या, सोमशेखरच्या रिकाम्या खुर्चीकडं तिनं एकदाही पाहिलं नाही. सर्व्हर नीट चालू झाला. पण सर्व्हरच्या खोलीत ती आता दार उघडं ठेवूनच बसते.