हैदराबादचं तिकीट

मी तेव्हा आमच्या भागातल्या विमानतळावर एका कंपनीच्या तिकीट काउंटरला होते. हैदराबादला आमचं एक विमान जायचं, मागोमाग दुसऱ्या कंपनीचंही. प्रवासी मात्र जेमतेम एका विमानापुरते. विमान उडालं की रिकामी सीट म्हणजे नासलेलं दूध. त्यामुळे दोघांनी भाव पाडत पाडत बसभाड्याच्या खाली आणले. शेवटी दुसरी कंपनी थकली, तिच्या काउंटरला कुलूप लागलं. लगेच आमचं तिकीट पाचपट झालं.

त्याच आठवड्यात नेवाशाकडचा एक माणूस आला. भाऊ हैदराबादच्या दवाखान्यात, म्हणून स्वस्त तिकिटावर त्याच्या खेपा चालायच्या. त्या सकाळी भाऊ गेला होता, दुपारी तिकडेच माती होती. मी भाव सांगितला. त्याला वाटलं, माझी काही चूक होतेय. मी कॉम्प्युटर फिरवून दाखवला. तो शांतपणे म्हणाला, "मढं बघून भाव वाढवता व्हय?"

मी काही बोलायच्या आत त्यानं काउंटरवरून माझे केस धरले आणि डोकं काचेवर आपटलं. दुसऱ्यांदा काच फुटली. शेजारचा सहकारी मला सोडवायला आला, तर त्या माणसानं रांगेचा स्टीलचा खांब उचलून त्याच्या खांद्यात घातला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मग सुरक्षारक्षकांनी त्याला पाडलं, आणि पडल्यावरही लाथा घालत राहिले. कपाळावरचं रक्त डोळ्यांत येत होतं तरी मी बघत होते. वाटत होतं, अजून मारा.

भाव ऐकून बरेच लोक परत गेले होते. विमान निम्मं रिकामंच उडालं. त्या माणसाला पोलीस घेऊन गेले.

कंपनीचे साहेब चौकशीला आले. त्यांनी माझ्या कपाळावरच्या टाक्यांकडे पाहिलं आणि विचारलं, भाव बरोबर सांगितला होता ना? भाव कंपनीनं ठरवायचा, आधी जाहीर करायचा, एवढं केलं की नियम पाळला, असं त्यांचं म्हणणं. पुढच्याच महिन्यात मी नोकरी सोडली.

केस अजून चालू आहे. पहिल्या तारखेला तो कोर्टाच्या व्हरांड्यात दिसला. पुढचे दोन दात नव्हते. जवळ येऊन त्यानं विचारलं, "त्या पोराचा हात कसा हाय?"

"खांद्याच्या वर जात नाही," मी म्हणाले.

तो मान खाली घालून भिंतीशी जाऊन बसला. मी माझी तक्रार मागे घेतलेली नाही.