सरांची चूक

पीएचडी करायची म्हटलं की आमच्या अमरावतीत पहिला प्रश्न येतो, "गाईड कोन हाय?" गाईड भेटला तर सीट नाही, सीट निघाली तर फेलोशिप नाही. पदरचं घालून करावी म्हटलं, तर मी इंजिनिअरिंग कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारी बाई. सुट्ट्या लागल्या की माझा पगारही सुट्टीवर. इथल्या फेलोशिपची वयाची अट कधीच उलटून गेलेली. म्हणून मी परदेशातल्या प्राध्यापकांना मेल करत सुटले होते. तिकडे पीएचडी म्हणजे नोकरीच, दरमहा पगार. पण उत्तरंच यायची नाहीत, आणि आली तर नन्नाचा पाढा.

मग जर्मनीतल्या एका सरांनी ऑनलाइन मुलाखतीला बोलावलं. बाप्पा! अमरावतीच्या खोलीवर नेट धड चालत नाही, म्हणून मी अकोल्याला घरी आले. पानाच्या फोटोवरून पिकाचा रोग ओळखणारा प्रोग्राम या सरांनी बनवला होता. त्यावरचा त्यांचा पेपर मी कोळून प्यायले होते, प्रोग्राम कॉलेजच्या लॅबमध्ये चालवूनही पाहिला होता. दर्यापूरकडच्या कपाशीची पानं दाखवली की तो धडाधड चुकायचा. काहून चुकतो, ते शोधता शोधता मला सापडलं: प्रोग्रामला शिकवायला आणि मग त्याची परीक्षा घ्यायला त्यांनी त्याच त्या झाडांचे फोटो वापरले होते. परीक्षेचा पेपर आधी फोडायचा आणि मग पोरगं पहिलं आलं म्हणून पेढे वाटायचे, त्यातला प्रकार.

मुलाखत छान चालली होती. सर हसरे होते, मीही खुलून बोलत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "माझ्या पेपरमधली एखादी चूक सांगा."

जिभेवर होतं हो! पण एवढा मोठा माणूस, उद्या माझा गाईड होणारा, त्याच्या तोंडावर तुमचं चुकलं म्हणू? आमच्याकडे एकानं भर सेमिनारमध्ये गाईडची चूक दाखवली, तर त्याचा प्रबंध गाईडच्या टेबलावरून हलेना. मी म्हणाले, "नाही सर, पेपर उत्तम आहे."

"नीट आठवा. काहीच खटकलं नाही?"

"काहीच नाही सर."

मग त्यांनी आभार मानून मुलाखत आटोपली.

पुढच्या आठवड्यात, मी सुट्टीत घरीच असताना, नकार आला. पेपरमधली चूक त्यांना ठाऊक होती. ती कोण तोंडावर सांगतं, तेवढंच पाहायचं होतं, असं त्यांनी लिहिलं होतं. हातातोंडाशी आलेला घास मीच घालवला. मला माझीच भयंकर चीड आली.

जेवताना बाबांना सगळं सांगितलं. चूक सापडली होती, हेही सांगितलं. ते जिल्हा परिषदेच्या शाळेतून मास्तर म्हणून रिटायर झालेले. घास हातात धरून ऐकत राहिले, आणि मग त्यांचा चेहरा उजळला.

"बरं केलं माय. मोठ्या मानसाच्या चुका काढू नाई. जागा काय, दुसरी भेटन. आपले संस्कार कुठी भेटतात?"

दुसरी कुठली भेटते! पोरगी आपण शिकवली तश्शीच निघाली, याचा केवढा आनंद झाला होता त्यांना. त्यांनी माझ्या ताटात पोळी वाढली. बाबा, तुमचं चुकलं, हे माझ्या घशापर्यंत आलं होतं.

"हो बाबा," मी म्हणाले, आणि पोळी खाल्ली.