आत्याची मंगलाष्टकं

बेंगळुरूच्या चामराजपेटातली आमची आत्या घरातल्या प्रत्येक लग्नात स्वतः रचलेली, स्वतःच चाल लावलेली मंगलाष्टकं गायची. माझ्या लग्नाचा व्हिडिओ मी इंटरनेटवर टाकला, तर एका संगीत कंपनीने ‘चाल आमची’ म्हणून दावा ठोकला आणि व्हिडिओचा आवाजच बंद झाला. मी भडकले. आत्याचाच मुलगा, कॉपीराइटचा वकील, मला म्हणाला, “अक्का, पुरावा असेल तर बोल, नाहीतर गप्प बस. कायदा सगळ्यांना सारखा.” आत्या समोरच बसली होती.

ती गेल्यावर तेराव्याला तो रडत आला. “अक्का, आईचा आवाज कुठे आहे का गं?”

मी तोच मुका व्हिडिओ लावला. आईचे हलणारे ओठ तो बघत राहिला.

आवाजासकट मूळ प्रत माझ्या कपाटात आहे. त्याने हक्काचा पुरावा आणला, की देईन.