मिलिमीटरबाई

आमच्या कालव्याच्या कार्यालयात त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. पाठीमागे मिलिमीटरबाई, तोंडावर नुसतं बाई. कार्यालयामागच्या कुंपणात पत्र्याचं एक मोठं, गोल, उथळ भांडं पाण्याने भरून ठेवलेलं असे. रोज सकाळी साडेआठला त्यातलं पाणी किती मिलिमीटर उतरलं ते मोजून वहीत लिहायचं, हे बाईंचं काम. उन्हावाऱ्याने भांड्यातलं जेवढं पाणी उडालं, त्यावरून पिकं किती पाणी पीत असतील याचा अंदाज बांधायचा आणि कालव्याचं पाणी कोणत्या शेतांना कधी सोडायचं ती पाळी ठरवायची, अशी रीत होती. एकोणतीस वर्षं बाईंनी हे केलं. सवय इतकी अंगात मुरली की घरीही त्या म्हणत, "चहा दोन मिलिमीटर कमी ओतलाय." यजमान शिंपी. ते सगळ्यांना सांगत, "मी इंचातला, ही मिलिमीटरमधली. तरी संसार मापात बसला."

भांड्यावर जाळी असे. एकदा ती सरकली आणि मोजमाप एकदम चौदा मिलिमीटर भरलं. बाईंनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'कुत्रं प्यायलं.' मुख्य कार्यालयाचं पत्र आलं की शेरे शास्त्रीय भाषेत असावेत. पुढच्या वेळी बाईंनी लिहिलं, 'चतुष्पादाने प्राशन केले.' मी तिथे कारकून होतो. दोन्ही नोंदींच्या नकला मीच फायलीला लावल्या.

बाईंच्या नोकरीची तीनेक वर्षं उरली असताना मुख्य कार्यालयाने एक तरुण इंजिनिअर पाठवली. उपग्रहाच्या चित्रांवरून ती शेताशेताचं पाणी मोजणार होती. आता भांडं भंगारात जाणार, अशी कुजबुज सुरू झाली. आम्हाला वाटलं, बाईंना लागेल हे. बाई मात्र डबा उचलून थेट तिच्या टेबलाशी जाऊन बसल्या.

"मुली, एवढ्या उंचावरून पाणी दिसतं?"

"पाणी नाही दिसत, काकू. ताप दिसतो. पाणी पिणारं पीक गार राहतं, तहानलेलं तापतं."

"म्हणजे लेकराच्या कपाळाला हात लावून बघतो तसंच की!"

मुलगी खुलली. तिने लॅपटॉप वळवून दाखवलं. चित्रातलं सगळ्यांत गार ठिकाण निवडायचं, म्हणजे भरपूर पाणी मिळालेलं दाट पीक. मग सगळ्यांत तापलेलं निवडायचं, म्हणजे जिथून थेंबही उडत नाही अशी कोरडी, मोकळी जमीन. बाकीची शेतं या दोन टोकांच्या मध्ये बसवायची. बाईंनी चार दिवस खोदून खोदून विचारलं. पाचव्या दिवशी नकाशावर स्वतःच्या घराचं छप्पर शोधून काढलं आणि यजमानांना फोन केला, "गच्चीवर वाळत घातलेलं काढा, वरून सगळं दिसतं!" दिसत काहीच नव्हतं, पण त्यांनी काढलं.

पहिला नकाशा तयार झाला तेव्हा साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. निळं म्हणजे पाणी भरपूर, तांबडं म्हणजे कोरडं. कालव्याच्या शेपटाकडची, म्हणजे पाणी सगळ्यांत शेवटी पोचतं तिथली शेतं चांगली फिकट निळी दिसत होती.

"शेपटाला ओल आहे," साहेब म्हणाले. "त्यांची पाळी पंधरा दिवस पुढे ढकलू. पाणी वरच्यांना देऊ."

बाई चष्मा नाकावर सरकवून पुढे झाल्या. एका चौकोनावर त्यांनी बोट ठेवलं. "हे किती पितंय?"

"दिवसाला साडेतीन मिलिमीटर," मुलगी म्हणाली.

"चित्र कधीचं?"

"गेल्या सोमवारचं."

"हे माझ्या नणंदेचं शेत. इथला मका त्याच्या दहा दिवस आधी कापला. मी स्वतः कणसं सोलायला होते. तिथे नुसती खुंटं आहेत, आणि महिन्याभरात पाणी सोडलेलं नाही. खुंटं कशी पितील साडेतीन मिलिमीटर?"

साहेब वैतागले. "उपग्रह खोटं बोलतोय का, बाई?"

"खोटं कशाला बोलेल बिचारा? कुठेतरी कुत्रं प्यायलं असेल."

सगळे हसले. मुलगी हसली नाही. तिने निवडलेल्या जागांची यादी उघडली, सगळं पुन्हा तपासलं आणि अर्ध्या तासाने बाईंना विचारलं, "काकू, माझ्याबरोबर एक जागा बघायला येता?"

तिच्या स्कूटरवरून दोघी गेल्या. कोरडी जमीन म्हणून तिने निवडलेली जागा गेल्या वर्षीच्या नोंदीत पडीक होती. आता तिथे नवं गोदाम उभं होतं, आणि समोर चार शेतं मावतील एवढं ट्रकांसाठीचं डांबरी मैदान. बाईंनी चप्पल काढून पाय टेकवला आणि लगेच वर घेतला.

"अगं आई गं! हे कुठल्याही जमिनीपेक्षा जास्त तापतं."

मुलीचा चेहरा पडला. "म्हणून याच्यापुढे कोरडी शेतंसुद्धा गार वाटली. मी इथे आधी यायला हवं होतं."

"आता आलीस ना? चल, खरी कोरडी जमीन दाखवते."

बाईंनी तिला टेकडीखालची दोन वर्षं न नांगरलेली जमीन दाखवली. मुलीने ती धरून सगळा हिशोब नव्याने केला. शेपटाकडची शेतं तांबडी झाली. नणंदेची खुंटं जवळजवळ शून्यावर आली, आणि शेजारची उभी पिकं तहानेने कासावीस झालेली स्पष्ट दिसली. मुलीने साहेबांसमोर चूक आपली म्हणून सांगितली. साहेबांनी दोन्ही नकाशे शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले आणि पाळी ठरल्या दिवशीच सोडली. पाणी पोचल्याचा फोन बाईंना नणंदेच्या शेजाऱ्याने केला. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. बाईंनीही सांगितलं नाही.

भांडं भंगारात गेलं नाही. मुलीनेच मुख्य कार्यालयाला लिहिलं की नकाशा पडताळायला ते हवंच. शिवाय उपग्रह डोक्यावरून जायचा त्या दिवशी दोघी स्कूटरवर निघू लागल्या. कुठे काय उभं आहे, काय कापलं, कुठे ओल आहे, हे बाई टिपून घेत. निवृत्तीआधीच्या वर्षी मुलीने लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "आज दोन्ही टोकं तुम्ही निवडा." बाईंनी त्यात अख्खी सकाळ घालवली. जेवायलाही उठल्या नाहीत. मुलीने तपासून मान डोलावली, तेव्हा बाईंनी डबा उघडला, अर्धी भाजी तिच्या पानात वाढली आणि म्हणाल्या, "खा, गार झालंय सगळं."