बर्फतात्या

दिवाळीचे दिवे मालवले, की आमच्या शेजारचे धोंडीतात्या बर्फाच्या तयारीला लागत. हो, बर्फाच्याच! आमच्या शिनोलीत थंडी म्हणजे काय, तर सकाळी खोबरेल तेल थिजतं आणि बाटली चुलीपाशी नेऊन ठेवावी लागते. पण तात्या पोतंभर चिंध्या आणि घमेलंभर शेणमाती घेऊन आधी स्वतःचं घर आणि मग, कुणी बोलावो न बोलावो, शेजाऱ्यापाजाऱ्यांची घरं बुजवत सुटत. भिंतीची भेग, खिडकीची फट, उंबऱ्याखालचं उंदराचं बीळ, काही म्हणून सोडत नसत. बैलांच्या पाठीवर गोणपाट, पपईच्या बुंध्याला पेंढा, आणि दाराशी एक लाकडी फावडं. छपरावरचा बर्फ ओढायला! गावातली पोरं त्यांना बर्फतात्या म्हणत, आणि खोटं कशाला बोलू, पाठीमागे मीही तेच म्हणायची.

मी लग्न होऊन शिनोलीत आले ते पन्नास सालानंतर. पहिल्याच हिवाळ्यात हे गृहस्थ माझ्या स्वयंपाकघरात उभे राहिले, भिंतीवरून तळहात फिरवला आणि म्हणाले, "सूनबाई, थंडी दारातनं येत नाय. दारातनं यायची तिला लाज वाटती. ती भेगंतनं येती." आणि माझ्या नुकत्याच सारवलेल्या भिंतीवर थाप्पकन मातीचा गोळा बसवला. माझा असा संताप झाला म्हणता! "अहो तात्या, कालच सारवलीय मी!" तर म्हणतात, "पुन्यांदा सारव. मला शिव्या दे. पर फट ठेवू नगं." शिव्या मी दिल्याच, पण मनातल्या मनात. नव्या सुनेला तेवढीच मुभा होती.

तात्या मोठ्या लढाईत पलटणीबरोबर इटलीला गेले होते. तिथल्या डोंगरातल्या थंडीच्या गोष्टी ते पारावर सांगत. "निजताना छप्पर तांबडं व्हतं राव, उठून बघतो तर पांढरं!" लोक माना डोलवत आणि ते उठून गेले की हसत. त्यांची बायको सखूकाकू कपाळावर हात मारून म्हणायची, "लोकांचे नवरे लढाईतनं बिल्ले आनत्यात. आमच्यांनी थंडी आनली."

त्यांना एकच लेक, हौसा. कामाला वाघीण, रूपाने नीटस, पण 'बाप येडा हाय' ही कुजबूज पुढे धावायची आणि स्थळं मागे फिरायची. शेवटी माझ्याच माहेरचं, आहुप्याचं स्थळ मी सुचवलं. विधवा सासू, एकुलता एक मुलगा, चांगलं घर. सुपारी फोडायला आहुप्याला जाताना काकूने तात्यांना गळ्याची शपथ घातली होती, की 'बर्फ' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. त्यांनी नाही काढला. लग्न झालं आणि मी सुटकेचा श्वास सोडला.

कुठलं काय! दिवाळी होते न होते तोच तात्यांनी पोतं बांधलं. "आहुपं कड्यावर हाय. कोकनातला वारा थेट वर येतोय. घर कारवीच्या कुडाचं. कुडाची माती पावसानं धुऊन गेली असंल." सखूकाकू रडकुंडीला येऊन माझ्याकडे आली. "विहिणीच्या घराची भोकं पोरीच्या बापानं बुजवायची? तिथं पोरीला काय काय ऐकावं लागंल गं!" खरंच होतं तिचं. सासरी मुलीच्या बापाने घर चांगलं म्हटलं तरी त्यात खोच शोधतात, इथे तर तो चिखल घेऊन निघाला होता. त्या वेळी माझा भाऊ मुराळी म्हणून मला माहेरी न्यायला आलाच होता. काकू म्हणाली, "जातीसच तर ह्यांना आवर."

मी काय आवरणार? वाटेत डिंभं गाव मागे पडेपर्यंत मी त्यांना बोल बोल बोलले. "तात्या, हौसाचा संसार मोडाल. स्थळ मी आणलंय, तोंड दाखवायला जागा राहणार नाही मला." तात्या पोतं खांद्यावर घेऊन चालत होते. नदीकाठी टेकल्यावर म्हणाले, "दौलत म्हनून माझा सोबती व्हता. आमी एका दगडी गोठ्यात निजायचो. त्याच्या उशाला फट व्हती. अंगात ताप. मला बोलला, धोंडी, बुजीव की एवढी. मी बोललो, लई दमलोय, उद्या बुजवू." मग पोत्याची गाठ आवळत म्हणाले, "सकाळी हालवला तर लाकूड झालता. तवापासनं मी उद्या म्हनत नाय." मला भडभडून आलं. त्यानंतर मी त्यांना आवरायचं सोडून दिलं.

लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. म्हणून तात्यांनी गावाबाहेरच्या ओढ्यावर भाकरी खाल्ली, तिथेच पाणी प्यायले आणि पत्र्याची बाटली भरून घेतली. घरात पाऊल न टाकता ते थेट मागच्या अंगाला गेले, बाटलीतल्या पाण्यात माती भिजवली आणि कुडाची भिंत लिंपायला बसले. मी आणि माझा भाऊ खांबासारखे उभे.

आवाज ऐकून हौसाची सासू बाहेर आली. तिने बघितलं आणि तिचा पारा चढला. "काय वो पावणं! आमच्या घराला भोकं पडल्यात म्हनून गावाला दावाया आलात व्हय? पोरीला थंडी वाजत असंल तर न्या माघारी!" हौसा दाराआडून आली आणि पदर तोंडात कोंबून उभी राहिली. झालं, मोडला संसार, माझ्या मनात आलं.

तात्यांनी हात थांबवला नाही. "हौसाच्या बाजूचं अजून बघितलंबी नाय, विहीणबाई. ही तुमच्या उशाची भिंत. सुपारीला आलो तवा मी वसरीवर निजलो व्हतो. रातभर तुमी ह्याच कोपऱ्यात खोकत व्हता. लेक तरणी हाय, ती सोसंल. आधी तुमचं."

 हौसाच्या सासूबाई वळून आत गेल्या. आता हौसाचं गाठोडं बाहेर येतं की काय, असं मला वाटलं. आल्या त्या कमरेवर भरलेली घागर घेऊन.

"घ्या," त्या म्हणाल्या.

तात्यांनी चिखलाचे हात जोडले. "लेकीच्या घरचं पानी कसं चालंल, विहीणबाई?"

"प्या म्हनतंय कोन तुमाला? मातीत घालाया चालतंय न्हवं?"

त्यांनी स्वतःच घागर मातीवर ओतली, लुगडं खोचलं आणि तात्यांच्या समोर बसून चिखल मळायला लागल्या. मग मान वर न करता ओरडल्या, "हौसे, उभी काय राहिलीस? चिंध्या आन!"